भिंतींना पाजायचं पाणी

माझं नवं घर बांधलं जात होतं त्या काळात मी माझ्या धाकट्या भावावर जळत होतो. हे वाक्य लिहिल्यावर खोडावंसं वाटलं, पण तसंच ठेवतो. वाचणाऱ्याला वाटेल, भावाकडे माझ्यापेक्षा मोठं घर असणार. तसं काही नाही. घर मी घेत होतो, डोंबिवली पूर्वेला मानपाड्याच्या बाजूला, चौथ्या मजल्यावर, दोन बेडरूमचं. भाऊ दिव्याला तळमजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. तिथं नळाला पाणी कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. पण आई त्याच्याकडे असते. एवढंच. बाकी सगळं माझ्याकडे जास्त होतं आणि अजूनही आहे.

आई त्याच्याकडे कशी गेली तेही सांगायला हवं, कारण तिला मीच पाठवलं. वडील गेल्यावर ती ठाण्यात आमच्याकडेच होती. आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. मुलीचं दहावीचं वर्ष आलं. ती पहाटे उठून अभ्यासाला बसायची आणि आई तिच्याही आधी उठून देवासमोर मोठमोठ्यानं पुटपुटायची, भांडी वाजवायची. बायको काही बोलली नाही. मीच आईला म्हणालो, "परीक्षा होईपर्यंत धाकट्याकडे राहून ये." आईनं एका पिशवीत चार साड्या भरल्या. परीक्षा झाली, मग अकरावीचा प्रवेश आला, मग बारावी आली. मुलगी आता बाहेरगावी नोकरीला लागली आहे. आईची पिशवी काही परत आली नाही.

म्हणून नवं घर शोधताना मी पहिल्यापासून सांगत होतो, बेडरूम दोन हव्यात, त्यातली एक आईची. नकाशा हातात आला तेव्हा मी त्या खोलीवर बोट ठेवून बायकोला म्हणालो, "ही आईची."

"आईंना विचारलंत का?" ती म्हणाली.

"त्यात विचारायचं काय?"

बायकोनं नकाशाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मला तेव्हा वाटलं की तिला पटलं.

घर बांधताना बघायला जाण्यात काय सुख असतं ते ज्यानं तयार घर घेतलं त्याला कळणार नाही. आम्ही दर रविवारी ठाण्याहून निघून डोंबिवलीला उतरायचो आणि शेअर रिक्षानं साइटवर जायचो. सुरुवातीला नुसता खड्डा होता. मग खांब उभे राहिले. एकेक स्लॅब पडत गेला तशी आम्ही मान वर करून मोजणी करायचो आणि आमचा मजला जिथं येणार त्या हवेकडे बोट दाखवायचो. तिथं एखादा कावळा उडत असला तर बायको म्हणायची, "आपल्या हॉलमधून चाललाय बघा."

चौथ्या मजल्याच्या भिंती उभ्या राहिल्यावर मी आईला पहिल्यांदा बोलावलं. भावाकडे व्हॅन आहे. मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीची माणसं तो आणतो-सोडतो, आणि रविवारी व्हॅन त्याच्याच दारात उभी असते. तो आईला घेऊन आला. आई व्हॅनमधून उतरली, तिनं पदर डोक्यावर घेतला आणि इमारतीकडे खालून वर बघितलं.

"केवढी उंच रे ही! तुझं कुठलं?"

"ते बघ, निळं कापड बांधलंय ना, त्याच्या बाजूचं."

लिफ्टच्या जागी तेव्हा नुसती चौकोनी पोकळी होती. जिन्याला कठडे नव्हते, बांबू बांधलेले होते. आईचे गुडघे गेलेले. मी तिला म्हणालो, "तू खालीच थांब आई, मी मोबाइलवर दाखवतो." मला मणक्याचा त्रास आहे. वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. हे सगळं मी मनातल्या मनात म्हणत होतो, तेवढ्यात भाऊ तिच्यापुढे पाठ करून उकिडवा बसलासुद्धा.

"चल गं म्हातारे, बस पाठीवर."

"अरे, पाडशील मला!"

"पाडलं तर दादाच्याच घरात पाडेन. नवीकोरी फरशी आहे तिथं."

"फरशी कुठंय अजून? दगडमाती आहे सगळी. मला कळत नाही होय?"

पण ती बसली. तिनं त्याच्या गळ्यात हात घातले आणि तो उठला. प्रत्येक मजल्यावर थांबून तो ओरडायचा, "पहिला मजला! उतरणारे उतरून घ्या!" आणि आई त्याच्या डोक्यावर टपली मारून म्हणायची, "चल मेल्या, पुढं चल." तिला हसू आवरत नव्हतं. वडील गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, निदान माझ्या घरात तरी नाही. मी मागून चालत होतो. माझ्या हातात आईच्या चपला होत्या.

माझ्या घरात आई पहिल्यांदा आली ती भावाच्या पाठीवरून. मला हे घर मिळवायला वर्षानुवर्षं लागली होती, आणि त्याला ते क्षणात मिळालं, नुसतं खाली बसून. त्या जिन्यावर माझ्या डोक्यात हाच विचार होता. त्याचा घाम दिसत होता, तो धापा टाकत होता, तरी माझ्या मनात आलं की हा मुद्दाम करतोय.

वर पोचल्यावर मी सगळ्यांना घर दाखवलं. हा हॉल. हे किचन, इथं ओटा येईल. ही आमची बेडरूम. शेवटी मी दुसऱ्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि भावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आणि ही आईची."

आई आत गेली. खिडकीच्या भोकातून बाहेर डोकावली. लांब डोंगर दिसत होता. तिनं चार बाजूंना मान फिरवली आणि म्हणाली, "हवा चांगली येते. आल्यागेल्याला बरी होईल."

बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

"आल्यागेल्याला नाही गं, तुला," मी म्हणालो.

पण तोवर आई खोलीबाहेर पडली होती. पॅसेजमध्ये एक कामगार हातात पाइप घेऊन भिंतीवर पाणी मारत होता, तिकडे तिचं लक्ष गेलं होतं. पाणी भिंतीवरून ओघळून खाली साचत होतं आणि जिन्याच्या पायऱ्यांवरून धार लागली होती. आई ते बघत उभी राहिली.

"हे कशाला?" तिनं विचारलं.

"भिंतीला पाजावं लागतं मावशी," तो म्हणाला. "नाहीतर तडकते."

"रोज?"

"रोज. दोन-तीन टायमाला."

आईनं हात पुढे केला आणि ओंजळीत पाणी घेतलं. थोडं डोळ्यांना लावलं. "आमच्याकडं एवढ्यात आख्खी रांग आंघोळ करेल," ती म्हणाली. भाऊ तिच्याकडे बघून हसला, तीही हसली. मी त्या वेळी खिडकीचं माप घेत होतो.

त्यानंतर नवलच झालं. शनिवारी संध्याकाळी आईचाच फोन आला. ती होऊन मला सहसा फोन करत नाही. "उद्या जायचंय ना रे साइटवर?" तिनं विचारलं. पुढच्या शनिवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या शनिवारीही. मी हरखून गेलो. ऑफिसात शेजारी बसणाऱ्याला मी सांगितलं, "आमच्या आईला नव्या घराचं वेडच लागलंय." रविवारी सकाळी मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघायला लागलो. बायको म्हणाली, "सिमेंटमध्ये जायला इस्त्री?"

आई आता वर येत नसे. "नको बाबा, त्याची कंबर मोडायची. एकदा बघितलं ना," असं म्हणून ती खालीच थांबायची. वॉचमनचं कुटुंब तिथंच पत्र्याच्या खोलीत राहत होतं. त्याच्या बायकोशी आईची लगेच गट्टी जमली. दोघी ब्लॉकच्या चवडीवर बसून गप्पा मारायच्या. भाऊही खालीच असायचा, व्हॅनपाशी काहीतरी करत. मी वर जाऊन फोटो काढायचो आणि खाली आणून आईला दाखवायचो.

"हे बघ, तुझ्या खोलीतला बाथरूमचा नळ मी खाली घ्यायला सांगितला. बसून आंघोळ करता येईल. उठताना धरायला दांडीपण लावणार आहे."

"कर तुला बरं वाटतं ते."

"आणि खिडकीचा कट्टा रुंद करतोय. त्याच्यावर बसता येईल तुला."

"हो? बरं."

तिचं लक्ष माझ्या फोनवरून उडून पुन्हा व्हॅनकडे जायचं. मला वाटायचं, म्हातारं माणूस आहे, फोनच्या काचेवर उजेड पडला की दिसत नसेल. त्या आठवड्यांत मी फार सुखात होतो. भाऊ तिला आणत होता, तो नुसता ड्रायव्हर, आणि ती येत होती माझ्या घरासाठी. मनात मी हेच शब्द वापरत होतो. नुसता ड्रायव्हर.

मग एका रविवारी मी मापाची टेप खाली विसरलो म्हणून अर्ध्या जिन्यातून परत आलो. दुसऱ्या मजल्याच्या उघड्या बाजूनं खालचं दिसतं. इमारतीच्या मागं पाण्याची मोठी टाकी होती. व्हॅन तिच्या बाजूला मागं घेऊन उभी होती आणि मागचं दार वर होतं. जमिनीवर निळे कॅन ओळीनं मांडले होते. आई एका पालथ्या घमेल्यावर बसून पाइप धरून होती. भाऊ भरलेला कॅन उचलून आत ठेवत होता आणि रिकामा तिच्यापुढे सरकवत होता.

"अरे, काठोकाठ नको, सांडतं व्हॅनमध्ये," आई म्हणत होती.

"तूच पाइप सोडत नाहीस. मागच्या वेळी माझी सीट धुतलीस."

"बरं झालं की. कधी धुतली होतीस तू?"

वॉचमनची बायको एक कॅन धरून उभी होती. तीही हसत होती. तिघांचं चांगलं चाललं होतं.

मी टेप न घेताच वर गेलो. बायको आमच्या भावी किचनमध्ये खडूनं फ्रिजची जागा आखत होती. मी तिला सांगितलं, "खाली कॅन भरतायत. आई आणि तो."

तिनं मान वर केली नाही. "अहो, इतके दिवस ते कॅन काय फिरायला आणत होते?"

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे. सुपरवायझरलापण. वापरायला नेतात, त्याचं काय एवढं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

आता तिनं खडू खाली ठेवला. "तुम्ही किती खूश होतात," ती म्हणाली.

पाण्याचं मला काहीच वाटलं नाही, हे मला स्पष्ट सांगायचं आहे. ते माझं नव्हतंच. त्यांना गरज होती आणि तिथं ते वाहून जात होतं. मला लागलं ते वेगळंच. त्या दोघांमध्ये पाण्याची टंचाई होती. त्या टंचाईमुळे त्यांना एकमेकांशी बोलायला विषय होता, हसायला कारण होतं, रविवारचं एक काम होतं. मी आईसाठी नळ खाली घेतला, दांडी लावली, कट्टा रुंद केला, आणि ती माझ्याकडे "कर तुला बरं वाटतं ते" म्हणत होती. त्याच्याकडे तिला द्यायला पाणीसुद्धा नव्हतं, आणि ती त्याच्यासाठी घमेल्यावर बसून पाइप धरत होती. भावाच्या गरिबीचा हेवा वाटणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मला स्वतःची लाज वाटत होती आणि जळायचं थांबत नव्हतं.

आठवडाभर ते पोटात राहिलं. शनिवारी आईचा फोन यायच्या आत मीच केला. म्हटलं, "उद्या येऊ नका. साइट बंद आहे, सुपरवायझर गावाला गेलाय."

"बरं," आई म्हणाली. मग तिनं विचारलं, "पुरती बंद?"

"पुरती."

फोन ठेवल्यावर मला क्षणभर बरं वाटलं. मग रात्रीच्या जेवणात चव लागेना.

दुसऱ्या दिवशी बायकोला काहीतरी सांगून मी एकटाच साइटवर गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येत नाही. कदाचित ते आले नाहीत हे डोळ्यांनी बघायचं होतं. गेटमधून आत वळलो तर समोर व्हॅन उभी. आई घमेल्यावर बसलेली. तिनं मला बघितलं, मी तिला. तिच्या हातातला पाइप वाहत राहिला.

"अरे, तू तर म्हणालास बंद आहे," ती म्हणाली.

भाऊ व्हॅनमागून पुढे आला. "मी वॉचमनच्या बायकोला फोन केलेला," तो म्हणाला. "ती म्हणाली, चालू आहे, या." एवढं बोलून तो थांबला. माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं. खोटं बोललेल्या माणसाचा चेहरा भावाला कळतो.

"दादा, तुला माहितेय ना कॅनचं?"

"मला का नाही सांगितलं तुम्ही?" मी म्हणालो. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "मी नको म्हणालो असतो का? चार कॅन पाण्यासाठी चोरून यायची काय गरज होती? मला वाटत होतं, आई घर बघायला येते!"

भाऊ हातातलं झाकण फिरवत होता. "तुला कसं सांगणार?" तो म्हणाला. "तू म्हणाला असतास, बघा, पाण्याचे हाल आहेत तिथं, आईला आता इकडे आण. मग मी काय बोलणार होतो? आहेतच हाल."

तो हे माझ्याकडे न बघता बोलला. म्हणजे इतके दिवस तो मला घाबरत होता. माझ्या प्रत्येक फोटोत, नळात, दांडीत त्याला दिसत होतं की हा आईला न्यायची तयारी करतोय. मला त्या वेळी भावाची दया यायला हवी होती. आली ती नंतर. आधी मला बरं वाटलं. त्यालाही जळायला कारण आहे हे कळून मला बरं वाटलं.

"आणि मी काय पिंप आहे का?" आई मध्येच म्हणाली. "हा म्हणतो इकडं आण, तो म्हणतो तिकडं ठेव. मला कुणी विचारलंय? पाइप बंद करा आधी, पाणी चाललंय वाया."

पाइप मीच बंद केला. त्या दिवशी मी वर गेलोच नाही. उरलेले कॅन भरेपर्यंत तिथंच उभा राहिलो.

पुढच्या रविवारी मी काय केलं ते आता आठवलं तरी हसू येतं. आमच्या ठाण्याच्या इमारतीत ज्याच्या-त्याच्याकडून मी रिकामे कॅन मागून आणले, दोरीनं बांधले, आणि सकाळी लवकर एकटाच निघालो. बायको मागून येणार होती. साइटवर पोचलो तेव्हा वॉचमनची बायको दात घासत होती.

"साहेब, आज आजींच्या आधी तुम्ही?"

"पाइप कुठंय?" मी विचारलं.

भाऊ आणि आई आले तोवर मी सगळे कॅन भरून ओळीनं लावले होते. शर्ट भिजला होता, पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. भावानं व्हॅनमधून उतरून ओळ बघितली आणि डोक्याला हात लावला.

"दादा, दुकान टाकतोस काय पाण्याचं?"

"घेऊन जा," मी म्हणालो. "पुरेल चार दिवस."

त्याचे कॅनही भरायचे होतेच. मागची जागा भरली, मधली सीट भरली, आणि तरी काही कॅन उरले. मी एक उचलायला वाकलो तशी आई ओरडली, "अरे, तुझी कंबर! ठेव खाली!" भाऊ इतका वेळ वजन उचलत होता, त्याला ती काही म्हणाली नव्हती. मला म्हणाली. मी कॅन खाली ठेवला नाही. दोन पावलं चालून तो व्हॅनच्या पुढच्या सीटवर ठेवला, जिथं आई बसते.

"आणि मी कुठं बसू?" आई म्हणाली. "टपावर?"

"तू माझ्याबरोबर चल," मी म्हणालो. "रिक्षानं सोडतो दिव्याला."

भावानं माझ्याकडे बघितलं. तो कॅन मी चुकून तिथं ठेवला नव्हता हे त्याला कळलं. मलाही त्याच क्षणी कळलं. तो काहीतरी बोलणार होता, पण हसला. "पोचव हां नीट," म्हणाला. "परस्पर पळवू नकोस." आणि गाडी सुरू करून निघून गेला. बायकोला मी फोन करून सांगितलं की तू वर फरशीचं बघून ये, मी आईला सोडायला चाललोय.

रिक्षात आई माझ्या शेजारी बसली होती. शीळ फाट्याला गाड्यांची रांग लागली होती आणि आमची रिक्षा इंच इंच सरकत होती. मला ते हवंच होतं. कितीतरी वर्षांत आम्ही दोघंच असे कुठं गेलो नव्हतो. मी तिचा पदर रिक्षाबाहेर उडत होता तो आत घेतला. आणि मग मी, नकाशावर बोट ठेवलं त्या दिवशी जे विचारायला हवं होतं, ते विचारलं.

"आई, घर झालं की तू येशील का माझ्याकडे राहायला?"

"का?" ती म्हणाली. "झाली का पोरीची परीक्षा?"

ती हसतच म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिची थट्टा अशीच असते. पण मला समोरचा रस्ता दिसेनासा झाला. रिक्षावाल्यानं आरशातून एकदा बघितलं आणि पुन्हा पुढं बघायला लागला.

थोड्या वेळानं तिनंच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पँट अजून ओली होती.

"तुझ्या नव्या घरात पाणी किती वेळ येणार?" तिनं विचारलं.

"दिवसभर. वर टाकी आहे ना. नळ सोडला की आलं."

"मग मी तिथं दिवसभर करू काय?"

मी रिक्षाच्या मीटरकडे बघत राहिलो.

"आमच्याकडं नळाला आधी फुस्स करून हवा येते," ती म्हणाली. "बाकीच्यांना ऐकूच येत नाही. मला झोपेतपण येतं. मी हाक मारली की सगळे उठतात, शेजारचेपण. त्यांनी मोबाइलमध्ये गजर लावून बघितलं, तरी चुकतंच. मग म्हणतात, आजी, तुम्हीच सांगा." तिनं बाहेर बघितलं. "खोली छान आहे रे तुझी. हवा येते. मी येत जाईन अधूनमधून. पण राहायला नाही येणार. रागावू नकोस."

"नाही रागावलो," मी म्हणालो.

"रागावलास. लहानपणापासून खालचा ओठ असाच करतोस."

ती असं बोलली तेव्हा मला रडू यायला हवं होतं आणि बरंही वाटायला हवं होतं. दोन्ही झालं. पण त्या दोन्हींच्या तळाशी जळणं होतंच. तिला उपयोगाचं वाटेल असं घर भावाकडे होतं. मी तिचे कष्ट संपवायला निघालो होतो, आणि तिच्यासाठी तिथं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. मुलीच्या अभ्यासाच्या वेळीही तेच. तिची पहाटेची भांडी मला नको झाली होती. भावानं तीच भांडी वाजवायला तिला जागा दिली.

दिव्याला पोचलो तेव्हा भाऊ आधीच आला होता आणि दारात कॅन उतरवत होता. गल्लीतल्या दोन बायका रिक्षापाशी आल्या. "आजी, आज रिक्षानं? मोठ्या लेकाबरोबर?" आई उतरली आणि माझी वाट न बघता चालायला लागली.

"तो पुढच्या सीटवरचा कॅन कुठंय?" ती आत जाता जाता म्हणाली. "तो आधी पिंपात ओता, त्याचं झाकण गळतंय. दोन पलीकडं द्या, तिच्याकडं पाहुणे आहेत."

भावाच्या बायकोनं मला बघून लगबगीनं पंखा लावला. "दादा, या ना, बसा." घरात एकच खुर्ची होती, प्लास्टिकची. ती तिनं ओल्या फरशीवरून उचलून पुसली आणि माझ्यासाठी ठेवली. मी बसलो. माझ्या हातात चहाचा कप आला. माझ्यासमोरून भाऊ कॅन घेऊन जात होता, त्याची बायको पिंपाचं झाकण धरून उभी होती, आई सगळ्यांना ओरडत होती, आणि मी पाय वर घेऊन बसलो होतो, कारण पाणी सांडत होतं. आल्यागेल्याला ठेवलेली खुर्ची ती. मी तिच्यात चहा संपेपर्यंत बसलो.

त्यानंतरही रविवार चालू राहिले. मी कॅन न्यायचो, पण भावाच्या व्हॅनमध्ये मावतील एवढेच. आई पुढच्या सीटवर बसायची. कधी कधी ती माझ्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणायची, "ठेवतोस का आज कॅन माझ्या जागेवर?" आणि भाऊ म्हणायचा, "ठेव की दादा, तेवढंच माझं ओझं कमी." आम्ही तिघं हसायचो. मी हसताना भावाकडे बघायचो आणि तो माझ्याकडे.

आता लिफ्ट बसली आहे. फरशी झाली, रंगाचा पहिला हात झाला. खिडकीचा कट्टा रुंद आहे, त्याच्यावर बसलं की डोंगर दिसतो. परवा बायकोनं विचारलं, त्या खोलीचे पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे. मी म्हणालो, "आईला विचारतो." ती म्हणाली, "आता बरं विचारताय."

भिंतींना आता पाणी लागत नाही. प्लास्टर संपून बरेच दिवस झाले, मागची टाकी रिकामी करून टाकली आहे. गेल्या शनिवारी संध्याकाळी मी फोनकडे बघत बसलो होतो. तो वाजला नाही. शेवटी मीच लावला आणि म्हणालो, "आई, उद्या येतेस ना साइटवर? पडद्याचा रंग बघायचाय."

"पाणी आहे का अजून?" तिनं विचारलं.

"आहे," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि लगेच सुपरवायझरला लावला. त्याला विचारलं, इमारतीत कुठं, कुठल्याही मजल्यावर, एखाद्या भिंतीला पाणी मारायचं राहिलंय का.